निवही जीवांतील वार्धक्य व मृत्यू

एका फलित अंड्यापासून किंवा बीजापासून उगम पावून सारख्या, परस्परांना जोडलेल्या अनेक घटकांनी वाढणाऱ्या जीवांना निवही (वसाहतरूप) जीव म्हणतात. प्रवाळ, हायड्रॉइड, ब्रायोझोआ, काही ॲसिडियन तसेच बांबू, वड यांसारख्या वनस्पती यांत मोडतात. त्यांच्यात घटकाचे वय आणि निवहाचे वय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ही फोड न करता त्यांना सरसकट ‘अमर’ म्हणणे चुकीचे आहे.

कँपॅन्युलॅरिया या हायड्रॉइडातील पॉलिप (घटक) सुमारे आठवडाभर जगतो. मग त्याच्या ऊती निवहात शोषल्या जातात. ब्रायोझोआत घटकाचा मऊ भाग ऱ्हास पावून तपकिरी पिंड उरतो आणि त्याच कोठडीत नवा भाग तयार होतो.

या विषयाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झालेला प्राणी बॉट्रिलस श्लोसेरी हा ॲसिडियन होय. खडक, नौकांचे तळ व बंदरातील खांब यांवर तो पातळ थराने पसरतो. काही मिमी. लांबीचे त्याचे घटक (जीवक) चांदणीच्या आकारात मांडलेले असून सर्वांचे रक्ताभिसरण एकच असते. निवहात एका वेळी तीन पिढ्या नांदतात : प्रौढ जीवक, त्यांची मुकुले आणि त्या मुकुलांवरील कोवळी मुकुले. सुमारे १८–२०° से. तापमानाला साधारण दर आठवड्याला सर्व प्रौढ जीवक एकदम मरतात. त्यांच्या पेशी नियोजित मृत्यूने नष्ट होतात, भक्षक पेशी अवशेष गिळतात आणि दीड दिवसाच्या आत पुढची पिढी त्यांची जागा घेते. मूल पेशी मात्र रक्तावाटे नव्या पिढीत जातात. जननपेशी व देहपेशी यांची लवकर फारकत होत नसलेल्या जीवांत वार्धक्य नसावे, असे जॉर्ज विल्यम्स यांच्या १९५७ मधील सिद्धांतावरून अपेक्षित होते. परंतु बारुख रिंकेविच, अर्विंग वाइसमन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की, प्रयोगशाळेत निवहाचे तुकडे वेगळे करून वाढवले, तरी ते मूळ निवहाबरोबर जवळजवळ एकाच सुमारास मरतात. आयुर्मर्यादा आनुवंशिक असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो इतर निवही प्राण्यांना कितपत लागू पडतो, याविषयी मतभेद आहेत. तरीही या क्षेत्रात याहून महत्त्वाचा प्रयोग क्वचितच झाला असेल.

प्रवाळांचे निवह तुटतात, जुळतात, अंशतः मरतात. त्यामुळे आकारावरून वय ठरवता येत नाही, हे टेरेन्स ह्यूझ व जेरेमी जॅक्सन यांनी १९८० मध्ये निदर्शनास आणले. हवाईनजीकच्या खोल समुद्रातील लायोपॅथीस या काळ्या प्रवाळाचे वय किरणोत्सर्गी कार्बनाने सुमारे ४,२६५ वर्षे ठरले आहे. हे वय सांगाड्याचे आहे, त्यावरील जिवंत पॉलिपांचे नव्हे.

अनेक बांबूंत सबंध बेट एकदम फुलून मरते. मिझोराममधील मेलोकॅना बॅक्सिफेरा सुमारे ४८ वर्षांनी फुलतो (१९५८–५९, २००६–०७). त्या वेळी जुन्या काठ्यांबरोबर कोवळ्याही वाळतात. विदर्भातील मानवेलही सामूहिक फुलोऱ्यानंतर मरते.

बुरशींच्या विस्तीर्ण निवहांच्या वयाचे अंदाज फार भिन्न आहेत.

हावडा येथील वनस्पतिउद्यानातील वडाचा मूळ बुंधा बुरशीने किडल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकला. झाड आज हजारो पारंब्यांवर जिवंत आहे.