वसईच्या भिंतींचा चुना

घर पाहावें बांधून, ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. घर बांधणाऱ्याच्या कष्टांची तींत योग्य कदर केलेली आहे. परंतु बांधलेलें घर शंभर-दीडशें वर्षें उभें ठेवणाऱ्याची आठवण कोणत्याही म्हणींत आढळत नाहीं. इतिहासाचेंही असेंच आहे. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला, तह कोणत्या तारखेस झाला, हें इतिहासकार मोठ्या आस्थेनें नमूद करितात. त्याच किल्ल्यांतील भिंतींस दर पावसाळ्यानंतर चुन्याचा हात कोण देत होता, हें लिहून ठेवण्यासारखें कोणास वाटत नाहीं. वसईस गेलें म्हणजे ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. कारण वसई जिंकली गेली ती तोफांनीं व सुरुंगांनीं, पण तिच्यांतील इमारती पुढें ढासळल्या त्या बहुतांशीं पावसानें आणि हेळसांडीनें.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. तेव्हांपासून मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेपुढें शरणागति पत्करीपर्यंत, म्हणजे २०४ वर्षें, हा प्रदेश त्यांच्या हातीं राहिला आणि वसई त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें झाली. तटाच्या आंत एक शहरच वसलें. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा पंथांनीं आपापलीं ख्रिस्तमंदिरें व मठ उभारले. सेंट जोसेफचें मंदिर १६०१ सालीं पुन्हां बांधण्यांत आलें. धनिकांचे वाडे झाले. येथील घडीव दगडाची कीर्ति एवढी होती, कीं तो गलबतांत भरून गोव्यास नेत असत.

आज किल्ल्यांत हिंडणारा प्रवासी काळे उघडे दगड व त्यांत घुसलेलीं वडा-पिंपळाचीं मुळें पाहातो आणि या इमारती प्रथमपासून अशाच उघड्या होत्या अशी समजूत करून घेतो. ही समजूत खरी नव्हे. दरवाजे, कोपरे आणि कमानी घडीव दगडांच्या, मधला भराव ओबडधोबड दगडांचा, आणि त्यावर आंतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. शहर ओस पडल्यावर प्रथम लांकडी छपरें गेलीं. छप्पर गेल्याबरोबर भिंतीच्या माथ्यावर पाणी पडूं लागलें, माथ्यावरून तें गिलाव्याच्या पाठीमागें शिरलें, गिलावा फुगला व गळला. मग दगडांमधील चुना धुपला आणि त्या फटींत पक्ष्यांनीं टाकलेलें बीं रुजलें. जेथें कमानीचा आडोसा होता, तेथें मात्र जुन्या गिलाव्याचे तुकडे अद्याप भिंतीस धरून आहेत. त्यांवर हात ठेवून पाहावा. त्या काळच्या गवंड्यांचें कसब काय होतें, हें तो तुकडा सांगतो.

हें कसब कोणतें? कोंकणपट्टींत चुनखडीचा दगड विरळा. पण खाडीकांठीं शिंपल्यांस तोटा नाहीं. ते भट्टींत सुमारें ९०० अंश उष्णतेपर्यंत जाळले म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून मुरत ठेवावयाचा, नंतर वाळू किंवा विटांची सुरखी घालून घाणींत मळावयाचा. गुळाचें पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा चिकट रस यांपैकीं जें ज्या गांवीं चालत असेल तें त्यांत पडे. तडे जाऊं नयेत म्हणून बारीक कातरलेला ताग मिसळीत. असा गिलावा भिंतीवर चढला कीं हवेंतील कर्बवायु हळूहळू पुन्हां शोषून घेतो आणि पूर्वींच्याच द्रव्याचा होऊन कठीण बनतो. शिंपला जाळून त्याचें पीठ केलें, आणि भिंतीवर त्याचा पुन्हां शिंपला झाला, असेंच म्हणावयाचें.

या गिलाव्याचा खरा गुण त्याच्या कठीणपणांत नाहीं. त्याच्या मऊपणांत आहे. जुन्या घरांच्या पायांत ओल येऊं नये अशी कांहीं योजना नसे. जमिनींतील पाणी भिंतींतून वर चढे आणि चुन्याच्या बारीक छिद्रांवाटे बाहेर पडून वाळून जाई. जातांना तें आपल्याबरोबरचा क्षार गिलाव्यांत टाकी. त्यालाच आपण भिंतीस लोणा लागला असें म्हणतों. कांहीं वर्षांनीं गिलावा खराब होई, तेवढा भाग काढून नवा लावीत, आणि आंतील वीट वा दगड शाबूत राही. भिंतीच्या ऐवजीं गिलाव्यानें झिजावें, हीच मूळ योजना होती. जो पोपडा पाहून आपण हळहळतों, तो आपलें काम पुरें करून पडलेला असतो.

यानंतर सिमेंट आलें. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचा परवाना घेतला. हिंदुस्थानांत १९१४ सालीं पोरबंदर येथील कारखान्यांतून तें निघूं लागलें. नव्या बांधकामांत त्याचे उपकार कोणी नाकारणार नाहीं. परंतु जुन्या चुनेगच्ची भिंतीवर तें लावलें म्हणजे बाहेर पडणाऱ्या ओलीची वाट बंद होते. कोंडलेलें पाणी आणखी वर चढतें, क्षार सिमेंटच्या पाठीमागें साचून त्याचे स्फटिक होतात, आणि विटेचा भुगा होऊं लागतो. वसईसारख्या गांवीं, जेथें समुद्राचा वारा खारा, जवळ मिठागरें, आणि वाळूही पुष्कळदां न धुतलेली खाडीचीच, तेथें हें नुकसान विशेष लवकर होतें.

या चुकींतून आम्ही स्वतः सुटलों आहों, असें नाहीं. वसईंतील आमच्या जुन्या घराच्या माजघरास ओल आली, तेव्हां एका कंत्राटदाराच्या सल्ल्यानें आम्हीं छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंट लावून घेतलें. दोन पावसाळे भिंत कोरडी दिसली, आणि आम्हीं स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या पावसाळ्यांत ओल सिमेंटच्या वर उमटली, आणि तेथें टांगलेल्या आमच्या आजोबांच्या तसबिरीचा कागद काळवंडला. त्याची दुसरी प्रत नाहीं. पुढें एका वयोवृद्ध गवंड्यास बोलाविलें. त्यानें बोटांच्या पेरांनीं भिंत वाजवून पाहिली, जेथें पोकळ वाजली तेथें कोळशानें खुणा केल्या आणि तो म्हणाला, “भाऊ, हे सगळं उतरवा. एक उन्हाळा हिला वारा लागूं द्या. चुन्याचं दिवाळीनंतर बघूं.” दिवाळीनंतर धरलेल्या कामास मृगापर्यंत सहा-सात महिने मिळतात, हें त्याचें गणित आम्हांस नंतर कळलें. तोंपर्यंत एवढी घाई करून आम्ही काय मिळवलें, याचा विचार करावयास आम्हांस पुरेसा वेळ मिळाला.

अशी चूक मोठमोठ्यांच्या हातूनही घडली आहे. गेल्याच्या मागच्या शतकांत इंग्लंडांत जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या ख्रिस्तमंदिरांचा गिलावा खरवडून दगड उघडा करण्याचें खूळ माजलें होतें. त्याविरुद्ध १८७७ सालीं विल्यम मॉरिस यानें जी संस्था काढली, तिला ‘खरवडविरोधी’ असें टोपणनांवच पडलें. तरीही १९५० च्या दशकांत गोव्यांतील बों जेझूच्या मंदिराचा बाहेरील गिलावा काढून टाकण्यांत आला. १६०५ सालीं पवित्र केलेल्या या मंदिराच्या दर्शनी भागास वसईचाच दगड आहे. पण भिंती जांभ्याच्या. जांभा मऊ. उघडा पडल्यापासून तो पावसानें झिजत आहे, आणि लाल दगडाचें तें रूपच जुनें व खरें असें आतां लोकांच्या डोळ्यांस वाटूं लागलें आहे.

उलट बाजूचा दाखला अजिंठ्याचा. तेथील चित्रें ज्या गिलाव्यावर काढलेलीं आहेत, तो खडकापासून सुटूं लागला होता. निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस बोलावून तो पक्का करविला. हें काम उपकारकच झालें. परंतु चित्रांवर जो लाखेचा हात दिला, तो पुढें काळसर-पिवळा पडला व उतरविण्याचे कष्ट पुढच्या पिढीस पडले. सुटलेलें धरून ठेवणें हें खरें रक्षण. जें पुढें काढतां येणार नाहीं असें कांहीं वर चढविणें, हें बहुधा नवें दुखणें असतें.

घरच्या छतासही हाच नियम लागू आहे. जुन्या छतांत लांकडी पट्ट्यांच्या फटींतून पलीकडे गेलेला चुना आंकडीसारखा अडकून गिलाव्यास धरून ठेवतो. आंकड्या मोडल्या कीं छत लोंबूं लागतें. तें तत्काळ पाडूं नये. आधीं वरचीं कौलें नीट करावीं, मग खालून फळीचा टेका द्यावा, माळ्यावरची धूळ काढावी आणि पातळ चुना वरून सोडावा. पुष्कळसें छत वांचतें.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती १२ लाखांवर भरली. एवढ्या माणसांस राहावयास जागा हवी, आणि प्रत्येक जुनें घर टिकावें असा हट्ट धरणें शहाणपणाचें नव्हे. पण ज्यांनीं तें राखावयाचें ठरविलें आहे, त्यांनीं तें चुन्यानेंच राखावें, आणि चुना मळणारा जाणता गवंडी हयात आहे तोंवर एखादा तरुण हात त्याच्या हाताखालीं द्यावा. घाणीचें चाक बंद पडलें तर तें पुन्हां करतां येईल. किती पाणी घालावें व किती दिवस थांबावें, हें ज्या हातांस ठाऊक आहे ते हात पुन्हां करतां येणार नाहींत. आमच्या माजघराची भिंत आतां कोरडी आहे. दहा-पंधरा वर्षांनीं तिचा खालचा गिलावा पुन्हां गळेल, तेव्हां तो लावणारा कोणी तरी वसईंत असावा, एवढीच आमची इच्छा आहे.