गवंड्याचे टाचे आणि कार्बनचे तंतू

आमच्या शिरूर-दौंडकडच्या गवंड्याला हे शिकवावं लागत नाही. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा द्यायच्या आधी तो टाचे मारतो. नाहीतर गिलावा पोकळ वाजतो आणि एके दिवशी खाली येतो. कार्बन तंतूंच्या इतिहासात हेच आडवं आलं.

१९६१ साली जपानच्या अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून (हो, आपल्या स्वेटरच्या लोकरीचंच भावंड!) कार्बन तंतू केले. पुढे इंग्लंडात फार्नबरोला विल्यम वॅट आणि सहकाऱ्यांनी धागा ताणून धरत भाजला आणि तंतू कमालीचा मजबूत निघाला. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक, पण वजनाच्या मानाने पोलादाला भारी! मात्र रेझिनमध्ये बसवला की थर एकमेकांवरून सरकायचे. ताकद होती, पकड नव्हती.

मग तंतू नत्राम्लात बुडवणं, क्षारांच्या पाण्यात त्यातून वीज सोडणं असे उपाय आले. टाच्यांची उपमा इथे अर्धीच लागू पडते. खडबडीतपणापेक्षा मोठं काम होतं ते पृष्ठभागावर प्राणवायू जोडला जाण्याने. हे दिसलं क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजणाऱ्या तंत्रामुळे. त्याबद्दल काई सीगबान यांना १९८१ चं नोबेल मिळालं. उपचार जास्त झाला तर तंतूच दुबळा होतो.

२०११ पासून प्रवासी सेवेत असलेल्या बोइंग ७८७ च्या वजनात निम्मा वाटा अशाच साहित्याचा. परदेशातून येणारी आपली पोरं कधी कधी त्यातून उतरतात. आणि लांब कशाला, टायरमध्ये घालायची पोलादी तार आमच्या रांजणगावला होते. रबराने धरावं म्हणून अशा तारेलाही पितळेचा मुलामा द्यावा लागतो.