झोळी कुणाची, आराम कुणाचा?

बेळगुंदी परिसरातल्या काजूच्या बागेत यंदा मी नायलॉनची हॅमॉक बांधली, आणि सवयीप्रमाणे तिचा इतिहास शोधत बसलो. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हमाका'. १४९२ साली कोलंबसाने हे टांगते बिछाने तिथं पाहिले. पुढं युरोपातल्या खलाशांनी ते जहाजांवर नेले. काजूही अमेरिकेचाच. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. म्हणजे झाड आणि झोका, दोन्ही एकाच खंडातले पाहुणे!

झोळी मात्र आपल्या घरातली. जुनं लुगडं, दोरी आणि आंब्याची फांदी. आत तान्हं बाळ गाढ झोपलेलं. आई भर उन्हात काजूबिया वेचतेय.

मूळचा इंजिनिअर, म्हणून एक सांगतो. हॅमॉकची दोरी ताणून बांधू नका. आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल, तर प्रत्येक दोरीवर माणसाच्या वजनाइतका ताण येतो. १० अंशांवर जवळजवळ तिप्पट. ढील हवीच.

आईला त्यात निजवलं. म्हणाली, "झोळ्या लई बांधल्या रे, निजले मात्र आजच."

तुमच्याकडं झोळीचा जुना फोटो असेल तर जपा. मागं ती बांधणारीचं नावही लिहून ठेवा.