आरेचे गवत आणि मुंबईचे दूध

१/
गोरेगावच्या आरे कॉलनीचे नाव निघाले की आज आपल्याला जंगल, बिबट्या आणि मेट्रोची कारशेड आठवते. पण ही वसाहत उभी राहिली ती एका गवताच्या भरवशावर. त्या गवताची ही कथा.

२/
मुंबईला चाऱ्याची चणचण जुनीच. १८३८ साली सरकारने गुरे चारण्यावर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वाराजवळ कुरण विकत घेतले आणि गुरांना फुकट चरू दिले. त्या चरणीवरूनच चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगतात. (नावाची दुसरी व्युत्पत्तीही आहे, तो वाद पुन्हा केव्हातरी.)

३/
पुढे शहर वाढले, कुरणे बुजली, पण दुधाची गरज वाढतच गेली. गवळी गुजरात-पंजाबकडून ताज्या व्यालेल्या जाफराबादी, मेहसाणा, मुर्रा म्हशी आणून शहरातल्या कोंदट तबेल्यांत बांधीत. दूध आटले की खरी अडचण सुरू होई. पुढच्या वेतापर्यंत भाकड म्हैस पोसायची तर वैरण बाहेरून विकत आणावी लागे, आणि तो खर्च नव्या म्हशीच्या किमतीलाही भारी पडे. मग ऐन उमेदीतली जातिवंत म्हैस थेट वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाई. रेडके तर त्याआधीच उपासमारीने मरत. देशातली उत्तम म्हैस एका वेताच्या दुधासाठी संपत होती, आणि कारण एवढेच की मुंबईत हिरवा चारा नव्हता.

४/
यावर दारा खुरोडी यांनी योजलेला उपाय म्हणजे आरे. १९४९ साली साष्टी बेटावर सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर वसाहतीची स्थापना झाली. गोरेगाव तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. ते शहरात आले १९५७ साली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. ३२ गोठे, सुमारे १६,००० जनावरे. म्हशी गवळ्यांच्याच, गोठे सरकारचे. वारल्यांचे पाडे मात्र या डोंगरउतारांवर वसाहतीच्या आधीपासूनचे. त्यांच्या भोवतालची जमीन आता चाऱ्याची झाली.

५/
आणि चारा कोणता? पॅरा गवत. मूळ आफ्रिकेचे, नाव मिळाले ब्राझीलच्या पारा प्रांतावरून, काही देशांत त्याला मॉरिशस गवतही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते पुण्यात आले. हे बहुवर्षायू गवत दलदलीत खुशाल वाढते. बी फारसे धरत नाही, म्हणून दोन-तीन डोळ्यांची कांडी पावसाच्या तोंडावर ओल्या जमिनीत लावायची. प्रत्येक पेरातून मुळे फुटतात आणि बघता बघता सारा वाफा झाकला जातो. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढे पाणी असेल तर दर पाच-सहा आठवड्यांनी. कडाक्याच्या थंडीत ते खुंटते. पण मुंबईत तशी थंडी पडतेच कुठे!

६/
आरेतली खरी युक्ती पाण्याची होती. हजारो म्हशींचे गोठे रोज धुवायचे म्हणजे शेणामुताच्या पाण्याचा लोंढा. शहरातल्या तबेल्यात हीच घाण गटारात जाई आणि रोगराईला निमंत्रण देई. इथे ते पाणी गवताच्या वाफ्यांत सोडले. पॅरा गवताला नेमके तेच हवे असते, भरपूर ओल आणि भरपूर खत. म्हशीने गवत खायचे आणि गवताने म्हशीचे सांडपाणी प्यायचे. सुंदर योजना.

७/
आता थोडा हिशेब करू. एका म्हशीला रोज २० किलो हिरवा चारा धरा. १६,००० म्हशींना दिवसाला ३२० टन, वर्षाला जवळजवळ १,१७,००० टन. उत्तम सिंचनाखाली हेक्टरी वर्षाला साधारण १०० टन पॅरा गवत निघते. म्हणजे जवळपास १,१७० हेक्टर जमीन नुसत्या गवताला हवी. आणि वसाहत सगळी मिळून १,२८७ हेक्टर, त्यात डोंगर, रस्ते, गोठे, झाडी! एकट्या गवतावर भागणे शक्यच नव्हते. पेंड आणि कडबा बाहेरूनच आणावा लागणार.

८/
माझ्या मते मुंबईच्या दुधाचा इतिहास या आकड्यांपाशी वळतो. टनावारी वैरण शहराकडे वाहण्यापेक्षा म्हैस गावातच ठेवून तिचे दूध आगगाडीने आणणे स्वस्त. आणंदहून मुंबईला दूध १९४५ पासूनच येऊ लागले होते. वर्गीस कुरियन यांचा शहरी म्हशींना विरोध जगजाहीर होता, आणि खुरोडींशी त्यांचे खटके उडत. गंमत अशी की १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि खुरोडी अशा तिघांना मिळून मिळाला. गवताचा हिशेब मात्र आणंदच्या बाजूचा होता. भाकड म्हशींची कत्तलही आरेमुळे पूर्ण थांबली नाही.

९/
चाऱ्याची गरज ओसरू लागली तशी जमिनीवर इतरांची नजर गेली. १९७७ साली शेजारी चित्रनगरी आली, २०१९ च्या ऑक्टोबरात कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पडली. तो वाद जंगलाचा म्हणून लढला गेला, आणि रास्तच. पण गुरांसाठी राखलेली म्हणूनच ही जमीन इतकी वर्षे मोकळी राहिली, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

१०/
हेच गवत ऑस्ट्रेलियातल्या काकाडू उद्यानात पाणथळी गिळणारे उपद्रवी तण ठरले आहे. आरेच्या सखल, ओलसर जागी ते कधी दिसले तर कांडे हातात घेऊन पाहा: पेरांवर दाट पांढरी लव असते आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळे फुटलेली असतात.