दिनविशेष : ९ जून
खाकीतून छोट्या पडद्यावर

किरण बेदी यांचा जन्म ९ जून १९४९ रोजी अमृतसरला झाला. १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल होणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे तिहार तुरुंगाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तिथे त्यांनी कैद्यांसाठी शिक्षणाची सोय केली, तक्रारपेटी फिरती ठेवली. एप्रिल १९९४ मध्ये हजारावर कैदी विपश्यनेला बसले. त्या शिबिराचे आचार्य होते आपल्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे सत्यनारायण गोएंका. त्याच वर्षी बेदींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००७ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि २००८ च्या अखेरीस त्या स्टार प्लसवर 'आप की कचहरी' घेऊन आल्या. दोन्ही बाजू समोरासमोर बसायच्या, सासर-माहेरचे, शेजारपाजारचे तंटे मांडायच्या. बेदी दोघांचे ऐकून घ्यायच्या, उलटतपासणी करायच्या आणि तोडगा सुचवायच्या. घरातले भांडण कॅमेऱ्यापुढे आणणे सगळ्यांनाच पटण्यासारखे नव्हते. पण पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरणाऱ्या बाईला आपलेही कुणी ऐकेल असे वाटले, हे मोलाचेच.

छोट्या पडद्याला खाकी नवी नव्हती. त्याआधी, १९८९ मध्ये, कविता चौधरींनी सख्ख्या बहिणीची, आयपीएस कांचन चौधरींची वाटचाल 'उडान'मधून दूरदर्शनवर आणली होती.

घरातले तंटे मांडायला आपल्या भागातही जागा आहे. वसई-विरारला १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदरसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. कौटुंबिक तक्रार असेल तर तिथल्या भरोसा सेल या पोलिसांच्या मदत कक्षाकडे जरूर जावे. तिथे समुपदेशन कॅमेऱ्याविना होते.