428 : जुन्या येझदीची चेन निवडताना

बदलापूर म्हणजे घोडे बदलायचं ठिकाण, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. आज खरवईत कुणी आजोबांची येझदी ताडपत्रीखालून बाहेर काढत असेल, तर त्याला घोडा नाही, चेन बदलायची आहे. पण कुठली घ्यायची? उत्तर गाडीच्या इतिहासातच आहे.

आकुर्डीच्या चेतकला चेनच नव्हती. इंजिनाची ताकद थेट गिअरमधून मागच्या चाकाला जायची. म्हणून स्कूटरवाल्या घरांत हा विषय कधी निघालाच नाही. जावाचं तसं नव्हतं. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावाने म्हैसूरला 1961 पासून या चेक गाड्या बनवल्या. पुढे टाकीवर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

या गाड्यांची चेन म्हणजे 428. हा आकडा इंचांत वाचायचा. पहिला 4 म्हणजे 4/8, म्हणजे अर्धा इंच: दोन पिनांमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात. 28 मधून आतली रुंदी कळते, 5/16 इंच. आता 420 चेनची पिचही अर्धा इंचच, पण रुंदी फक्त 1/4. दुकानात दोन्ही सारख्या दिसतात, पण 420 येझदीच्या जाड दातांवर नीट बसत नाही. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला 1880 मध्ये बुश-रोलर चेन काढली. तो इंग्रजी इंच आजही आपल्या चेनवर आहे.

मग जास्त टिकते म्हणून ओ-रिंगवाली घ्यावी का? तिच्यात ग्रीस कोंडून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असतात, त्यामुळे ती रुंद होते. उघड्या चेनला ती उत्तम. पण येझदीची चेन बंद कव्हरात फिरते. रुंद चेन आत घासली की काही जण सरळ कव्हरच काढून फेकतात. उल्हास नदीकाठच्या पावसात चिखल-पाणी बाहेर ठेवतं ते हेच कव्हर! चेन पुन्हा मिळेल, जुनं कव्हर मिळणं कठीण. म्हणून साधी, चांगल्या प्रतीची 428 घ्या आणि तेल वेळेवर द्या.

जुनी चेन संपली का, हे घरीच मोजा. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी 254 मिमी भरते. 259 च्या वर गेली की बदला, सोबत दोन्ही स्प्रॉकेटही बदला, नाहीतर झिजलेले दात नवी चेन खातील. कड्या मॅन्युअलप्रमाणे मोजून घ्या. लॉकचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवा.

गाडी जपायची तर तिचं कव्हरही जपा. भेटू पुढच्या भागात!