शुश्रूषा, व्यायाम आणि भाषा : रायपूरच्या संदर्भात एक टिपण

रुग्णसेवेच्या इतिहासात औषधांची आणि शस्त्रक्रियांची नोंद सविस्तर होते; रुग्णाकडून करवून घेतलेल्या हालचालींची नोंद क्वचितच होते. शस्त्रक्रियेनंतर दीर्घ श्वास घेणे, खाटेवरच घोटे हलविणे, कूस पालटणे, खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे आणि मग चार पावले चालणे, हा आज रुग्णालयीन शुश्रूषेचा मान्य भाग आहे. मात्र औषधाची गोळी आणि व्यायाम यांत एक मूलभूत भेद आहे. गोळीचे नाव रुग्णाला कळले नाही तरी ती आपले काम करते. व्यायाम मात्र सांगावा लागतो, आणि रुग्णाला तो समजावा लागतो. या उपचाराचे द्रव्य म्हणजे भाषाच होय. प्रस्तुत टिपणात परिचर्येचे शिक्षण आणि व्यायाम यांच्या इतिहासाकडे या दृष्टीने, रायपूर समोर ठेवून, पाहावयाचे आहे.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मृती व निर्भयता यांबरोबर निर्देशकारित्व आणि ज्ञापकत्व यांचा अंतर्भाव आहे. म्हणजे दिलेला निर्देश पाळता येणे आणि स्वतःची व्यथा सांगता येणे. या दोन्ही गुणांमागे समान भाषा गृहीत धरलेली आहे. ‘शुश्रूषा’ हा शब्दही ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे विकसित झाला.

आधुनिक महाराष्ट्रात मात्र शुश्रूषा आणि व्यायाम यांचे प्रवाह वेगळे वाहिले. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. परक्या पुरुषाला स्पर्श आणि रात्रपाळी यांमुळे हा व्यवसाय कुलीन मानला जात नसे, हे ध्यानात घेता त्या पावलाचे मोल कळते. दुसरीकडे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा सूर्यनमस्कारांचा प्रचार, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेला व्यायामज्ञानकोश यांनी व्यायामाला मराठी परिभाषा दिली. परंतु या परिभाषेचा श्रोता प्रामुख्याने निरोगी, आणि बहुधा तरुण पुरुष होता. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे महत्त्वाचा अपवाद होत. त्यांनी योगक्रियांचा चिकित्सेच्या अंगाने अभ्यास केला. तथापि विनेकरांसह लिहिलेला त्यांचा यौगिक चिकित्सेवरील १९६३चा ग्रंथ इंग्रजीत आहे. एका प्रवाहाला रुग्ण ठाऊक होता, दुसऱ्याला व्यायामाचे शब्द. खाटेवर पडलेला माणूस या दोहोंच्या मध्ये राहिला.

वैद्यकातही विश्रांतीवरील श्रद्धा दीर्घकाळ टिकली. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका गाजलेल्या लेखात मांडले. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसून आले. मुंबईत पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. व्यायामोपचाराला त्यामुळे स्वतंत्र तज्ज्ञ मिळाला. परंतु तो दिवसातून थोडाच वेळ खाटेपाशी येतो. अहोरात्र तेथे असते ती परिचारिका. सांगितलेला व्यायाम खरोखर होतो की नाही, हे बव्हंशी तिच्यावर अवलंबून असते.

येथे रायपूरचा विचार प्रस्तुत ठरतो. भोसल्यांची राजवट आणि पुढे मध्यप्रांत यांमुळे या नगराची प्रशासकीय सूत्रे १९५६ पर्यंत दीर्घकाळ नागपुराशी जोडलेली होती. मराठी भाषकांची वस्ती हा त्याचाच वारसा. तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील धमतरी येथे मेनोनाइट मिशनचे रुग्णालय १९१० पासून उभे राहिले. रायपुरात १९६३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. परिचर्येच्या शिक्षणाला देशभर एकसूत्रता आणणारा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा. त्या चौकटीत पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते, वॉर्डातील व्यवहार हिंदीतून चालतो, आणि खेड्यातून आलेला रुग्ण छत्तीसगढीत बोलतो.

या तीन भाषांमधील अंतर किती सूक्ष्म असू शकते, हे एका शब्दावरून दिसेल. छत्तीसगढीत पायाला ‘गोड़’ म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘गोड’ ऐकू येईल. ‘गोड़’ दुखतो म्हणणाऱ्या म्हातारीचे ज्ञापकत्व तिच्यापाशी पुरेपूर आहे; उणीव ऐकणाऱ्यापाशी आहे. ‘पाय वर उचला’ ही सूचना परक्या शब्दांत आली आणि रुग्ण तसाच पडून राहिला, तर नोंदवहीत तो ‘सहकार्य करीत नाही’ असा ठरतो. निर्देश पोहोचलाच नाही, ही नोंद कोठेच होत नाही. पिंडरीचे स्नायू न हलल्याने तेथील रक्त साकळण्याचा धोका मात्र वाढतो. दीर्घ श्वास न घेतल्याने छातीत कफ साचतो. भाषिक अंतराची किंमत अशी शरीराला मोजावी लागते.

म्हणून परिचर्येच्या अभ्यासक्रमात शरीररचनेइतकेच स्थान त्या त्या प्रदेशातील अवयवांच्या, वेदनांच्या आणि हालचालींच्या शब्दांना मिळावयास हवे. हे शब्द जमविणे, त्यांच्या छटा तपासणे आणि एका बोलीतील सूचना दुसरीत नेताना काय निसटते हे दाखविणे, हे काम वैद्यकाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथालयाबाहेर लाभणारे हे क्षेत्र आहे. औंध, बडोदे, लोणावळे यांनी घडविलेली मराठी व्यायामपरिभाषा तेथे उपयोगी पडेल. मात्र निरोगी तरुणासाठी योजिलेली आज्ञार्थी रूपे आजाऱ्यासाठी मवाळ करून घ्यावी लागतील. शुश्रूषेचा आरंभ ऐकण्यापासून होतो, हे त्या शब्दानेच सांगून ठेवले आहे.